भेंडवळचे घट आणि 2047 चा आराखडा

बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ या गावी दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी गावालगतच्या शेतात घट मांडला जातो. गोलाकार मांडलेली अठरा धान्ये, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची म्हणून चार ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेली घागर आणि सोबत पापड, भजे, कुरडई, विडा-सुपारी अशी ही मांडणी असते. रात्री त्या शेताकडे कोणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताना कोणत्या धान्याचे दाणे हलले, कोणते ढेकूळ किती भिजले हे पाहून त्या वर्षीचा पाऊस, पीकपाणी आणि देशाची राजकीय स्थिती यांचे भाकीत सांगितले जाते, आणि ते ऐकायला शेतकरी पहाटेपासून बांधावर उभे असतात. या भाकिताला शास्त्राचा आधार नाही हे पुष्कळदा सांगून झाले आहे आणि ते बरोबरच आहे. मला मात्र त्यात दुसरीच गोष्ट खुपते. ज्यांच्या शेतात तो पाऊस पडणार किंवा पडणार नाही, ती माणसे तिथे केवळ श्रोते असतात. ढेकूळ दुसऱ्याने पाहायचे आणि आपण ऐकून, घरी जाऊन बियाण्याचा विचार करायचा.

सरकारी भविष्यचित्रांत सामान्य माणसाची जागा याहून फारशी वेगळी नाही. राज्य सरकारने 2025 मध्ये ‘विकसित महाराष्ट्र 2047’चा आराखडा तयार करताना नागरिकांचे सर्वेक्षण केले, मोबाइलवर क्यूआर कोड स्कॅन करून प्रश्नावली भरायची, अशी त्याची रीत होती. लोकांना विचारावेसे वाटले यात चांगुलपणा आहेच. पण प्रश्नावली भरताना माणूस एकटा असतो आणि एकटा माणूस आपल्या इच्छा सांगतो. एकाला बारमाही पिण्याचे पाणी हवे असते, त्याच्या शेजाऱ्याला आणखी दोन एकर ऊस हवा असतो, आणि संगणकाच्या तक्त्यात या दोन्ही इच्छा सुखाने शेजारी शेजारी नांदतात. गावातल्या विहिरीवर त्या तशा नांदत नाहीत. भविष्याचा विचार खरा सुरू होतो तो या दोन माणसांना समोरासमोर बसवून, ‘पाणी इतकेच आहे, आता बोला,’ असे म्हटल्यावर. सर्वेक्षणात हा क्षण येत नाही. शिवाय राज्याची अर्थव्यवस्था पाच ट्रिलियन डॉलरची करायची, यासारखी मुख्य उद्दिष्टे जिथे वरूनच ठरलेली असतात, तिथे लोकांच्या वाट्याला उरतो तो त्या उद्दिष्टांचा रस्ता सजवण्याचा भाग.

लोकसहभागी भविष्यवेध म्हणून जी पद्धत अलीकडे जगभर बोलली जाते, तिचा गाभा या क्षणात आहे. भाकीत एकच उद्या सांगते, तर भविष्यवेधात तीन-चार शक्य उद्या मांडले जातात: पाऊस असाच राहिला आणि उपसा असाच राहिला तर काय, पाऊस लहरी झाला आणि तरुण शहरात गेले तर काय, पिके बदलली तर काय. मग त्यांतला हवासा वाटणारा उद्या निवडून तिथून उलट आजपर्यंत चालत यायचे आणि तिथे पोहोचायचे तर पुढच्या पाच वर्षांत काय सोडावे लागेल, हे ठरवायचे. ‘काय हवे’पेक्षा ‘काय सोडाल’ हा प्रश्न या पद्धतीत वजनदार आहे, आणि नेमका तोच प्रश्न आपल्या नियोजनात कोणी कोणाला विचारत नाही. हा विचार तज्ज्ञांनी बंद खोलीतही करता येतो. तेलकंपन्या आणि लष्करे तो दशकानुदशके करत आली आहेत. पण सोडायचे ज्यांना आहे त्यांनीच तो केला नाही, तर त्यातून निघालेले धोरण पहिल्याच दुष्काळात किंवा पहिल्याच निवडणुकीत मोडून पडते.

जपानच्या इवाते प्रांतातील याहाबा या छोट्या शहराने या बाबतीत एक विलक्षण प्रयोग केला. अर्थशास्त्रज्ञ तात्सुयोशी साइजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कल्पनेनुसार 2015 मध्ये तिथे नागरिकांचे गट करून शहराच्या 2060 पर्यंतच्या वाटचालीवर चर्चा घडवली गेली. काही गट आजचे नागरिक म्हणून बोलले. इतरांना सांगितले गेले की तुम्ही आताच 2060 मध्ये राहत आहात, तिथून मागे वळून बोला. भूमिका अंगात भिनावी म्हणून त्यांना सणासुदीला घालतात तसा अंगरखाही दिला गेला. आजच्या गटांनी आजची गाऱ्हाणी पुढे ओढली. भविष्यातल्या गटांनी मात्र अधिक खर्चाची आणि अधिक अवघड कामे आधी हातात घ्यायला सांगितली. याच शहरात जुनी होत चाललेली पाणीपुरवठ्याची यंत्रणा बदलायची म्हणून नागरिकांनी पाणीपट्टी वाढवण्याला संमती दिली. पाणीपट्टीवाढीला नागरिकांचा पाठिंबा, हे वाक्य आपल्या कोणत्याही महापालिकेच्या इतिवृत्तात सापडणे कठीण. अंगरखा घालणे पोरकट वाटेल. पण कीर्तनात आख्यान लावताना बुवा उपरणे सावरून क्षणात वेगळ्या माणसाच्या तोंडून बोलू लागतात, तेव्हा श्रोत्यांना ते पोरकट वाटत नाही. माणूस दुसऱ्याच्या जागी उभा राहून बोलू शकतो, हे आपल्याला जपानकडून शिकायची गरज नाही. ते सभेच्या कामकाजात आणायची गरज आहे.

आपल्याकडे असे काही होणे नाही, लोकांना एवढी दूरची दृष्टी नसते, असे म्हणणाऱ्यांनी गोव्याचा अलीकडचा इतिहास पाहावा. तो उत्साह वाढवणारा आहे आणि संताप आणणाराही, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो.

गोव्याचा ‘प्रादेशिक आराखडा 2011’ हा 2006 मध्ये अधिसूचित झाला, तेव्हा डोंगरउतार, बागायती आणि शेते मोठ्या प्रमाणावर बांधकामासाठी खुली झाल्याचे लोकांच्या लक्षात आले. गोवा बचाव अभियानाच्या झेंड्याखाली इतकी माणसे रस्त्यावर आली की 2007 च्या सुरुवातीला सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. त्यानंतर जो ‘प्रादेशिक आराखडा 2021’ आखायला घेतला गेला, त्यासाठीच्या कृतिदलात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया होते आणि त्याची पद्धत भारतात तरी नवी होती. उपग्रहचित्रे, भूमापनाचे नकाशे आणि पर्यावरणविषयक माहिती एकत्र करून गावागावाचे नकाशे तयार केले गेले, 2008 मध्ये मसुदा प्रसिद्ध झाल्यावर ते पंचायतींकडे पाठवले गेले, आणि ग्रामस्थांनी ते तपासून आपल्या गावाचे पुढचे चित्र कसे असावे हे सांगावे, असे ठरले. जमिनीची प्रतवारी आधी पर्यावरणाच्या दृष्टीने झाली: काय अजिबात हलवायचे नाही, काय जपून वापरायचे, आणि उरलेल्यात वस्ती कुठे वाढवायची. आराखड्याच्या नेहमीच्या क्रमाची ही उलटापालट होती.

या नकाशांवर ग्रामस्थ काय करू शकतात, हे समजायला खाजन जमिनीचे उदाहरण पुरेसे आहे. नदीच्या भरतीचे खारे पाणी अडवायला मातीचे बांध घालून शतकांपूर्वी तयार केलेली ही शेते. बांधातल्या मानशीची, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडण्याच्या मोरीची, दारे भरती-ओहोटीप्रमाणे उघडमीट करतात, पावसाळ्यात त्यात कोरगुटसारखे खारेपणा सोसणारे भात होते आणि एरवी मासळी मिळते. उपग्रहाला तिथे पाणथळ हिरवा पट्टा दिसतो. कोणता बांध गेल्या तीन पावसाळ्यांत दोनदा फुटला, कोणाच्या मानशीची फळी कुजली आहे, कोणत्या शेतात मुद्दाम खारे पाणी सोडून ते नापीक केले गेले आणि उद्या तिथे भराव टाकून घरे उठणार आहेत, हे गावालाच ठाऊक असते. पुढच्या वीस वर्षांचा अंदाज बांधायला हीच माहिती लागते, कारण खाजनाचे भविष्य समुद्राच्या वाढत्या पातळीइतकेच त्या बांधाची डागडुजी करणाऱ्या हातांवर अवलंबून आहे. तज्ज्ञांच्या प्रतिमानात पहिली गोष्ट येते, दुसरी येत नाही.

मग झाले काय? तालुक्यातालुक्यांचे अंतिम आराखडे प्रसिद्ध झाले तेव्हा गावांनी न सुचवलेले रस्ते आणि वस्तीचे पट्टे त्यांत कुठून आले, असा सवाल अनेक ठिकाणी उठला. 2012 मध्ये सत्ताबदल झाला आणि नव्या सरकारने आराखडा स्थगित ठेवला. पुढे तो अंशतः पुन्हा लागू करताना 2018 मध्ये नगरनियोजन कायद्यात 16 ब हे कलम आले, ज्याखाली जमीनमालकाने अर्ज करून आपल्या भूखंडाचा झोन बदलून मागायचा. 2023 मध्ये आराखड्यातील ‘अनवधानाने झालेल्या चुका’ दुरुस्त करण्याच्या नावाखाली 17(2) हे कलम आले, आणि 2024 मध्ये अर्जावरून झोन बदलण्याचेच 39 अ. 17(2) खालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च 2025 मध्ये रद्द ठरवले. गावाने वर्ष-दोन वर्षे बसून रंगवलेल्या नकाशातला एकेक भूखंड, एकेका अर्जावर, गावाला न विचारता रंग बदलू शकतो, असा या सगळ्याचा अर्थ. चुका तर कोणत्याही आराखड्यात असतात. पण त्या चुका आहेत की नाहीत हे ठरवायला ज्या गावाने नकाशा तपासला त्या गावाला बोलावले जात नाही, ही यातली खरी मेख आहे.

म्हणून गोव्याच्या अनुभवातून मी जो निष्कर्ष काढतो, तो ‘लोकसहभाग फसला’ हा नव्हे. लोकांनी आपले काम केले. राज्यसंस्थेने मात्र आपल्यासाठी मागचे दार उघडे ठेवले होते, आणि जोवर ते दार बंद होत नाही तोवर कितीही सुंदर कार्यशाळा घेतल्या तरी त्यांची किंमत भिंतीवर चिकटवलेल्या रंगीत चिठ्ठ्यांइतकीच राहणार.

गोव्याची हद्द ओलांडून सिंधुदुर्गात आले की हीच गोष्ट वेगळ्या रूपात भेटते. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाने ऑगस्ट 2011 मध्ये अहवाल दिला. पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या सीमा आणि तिथले नियम ग्रामसभांशी चर्चा करून, खालून वर जात ठरावेत, ही त्यातली कळीची सूचना होती. सिंधुदुर्गातल्या पंचवीस गावांच्या ग्रामसभांनी तर आमचा परिसर संवेदनशील म्हणून जाहीर करा, असे ठरावच केले होते. आपल्या उद्याची निवड गावांनी आपण होऊन केल्याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? पण अहवाल सरकारने दडवून ठेवला, माहिती अधिकाराखालची लढाई दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर 2012 च्या मे महिन्यात तो लोकांसमोर आला, आणि तोही इंग्रजीत. आंबोलीच्या किंवा दोडामार्गच्या माणसाने आपल्याच डोंगराबद्दलचा शेकडो पानांचा इंग्रजी दस्तऐवज वाचून मत द्यायचे, आणि दिले नाही तर त्याला ‘विरोध’ किंवा ‘उदासीनता’ म्हणायचे. अहवालात काय आहे याची जागा मग अफवांनी घेतली: घराला कौले बदलता येणार नाहीत, गाय पाळता येणार नाही. पुढे कस्तुरीरंगन समितीने 2013 मध्ये घाटाचा सुमारे 37 टक्के भाग संवेदनशील धरावा असे सुचवले, आणि त्यावरच्या अधिसूचनेचे मसुदे 2014 पासून निघत राहिले. सहावा मसुदा 31 जुलै 2024 रोजी निघाला, वायनाडमध्ये दरड कोसळून शेकडो माणसे गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्याबाबत तर मार्च 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला आदेश द्यावे लागले. जे काम ग्रामसभेच्या ठरावाने व्हायचे ते न्यायालयाच्या आदेशाने होऊ लागले की लोक त्याला आपले मानत नाहीत, मग ते त्यांच्या हिताचे का असेना.

इथे एक प्रामाणिक आक्षेप विचारात घ्यायला हवा. ग्रामसभा पाहिलेला कोणीही विचारेल, की कोणत्या ग्रामसभेबद्दल आपण बोलतो आहोत? कायद्याप्रमाणे तिची गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी. तीही होत नाही. सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे ग्रामसेवकापासून शिपायापर्यंत सर्वांना पाठ असते. जी सभा भरते तिच्यात घरकुलाची यादी, रस्त्याचे काँक्रीट आणि सभामंडप यांपुढे विषय जात नाही. 2015 नंतर ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमात गावांनी आपले आराखडे स्वतः करायचे ठरले, तेव्हाही बहुतेक ठिकाणी ते आराखडे कामांच्या याद्याच राहिले.

हा आक्षेप खरा आहे, पण त्यातून काढला जाणारा निष्कर्ष खरा नाही. लोक सभामंडप मागतात, कारण त्यांच्यापुढे ठेवला जाणारा निधी सभामंडपापुरताच असतो. ज्या गोष्टीवर आपला अधिकार चालतो तिच्याबद्दलच माणूस गंभीरपणे विचार करतो. गडचिरोलीतले मेंढा-लेखा गाव ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असे म्हणत आले, आणि त्याने निर्णय घेणारी ग्रामसभा व विषय समजून घेणारा अभ्यासगट या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. अभ्यासगटात कोणीही बसावे, बाहेरच्या जाणकाराला बोलवावे, प्रश्नाच्या सगळ्या बाजू उलगडाव्यात. ठराव मात्र ग्रामसभेतच, आणि तोही सर्वसहमतीने. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत हे गाव होते, यात नवल वाटू नये. भविष्यवेधाचे परदेशी संच आणून प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनी आधी या अभ्यासगटाकडे बघावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

दुसरे उदाहरण हिवरे बाजारचे. ते आता इतके सांगून झाले आहे की ऐकणारा कंटाळतो, म्हणून एकच मुद्दा घेतो. या अवर्षणप्रवण गावाने ऊस घ्यायचा नाही आणि शेतीसाठी बोअर मारायची नाही, असे नियम स्वतःवर घातले, आणि पावसाळा संपला की त्या वर्षीच्या पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीला काय पेरायचे ते ग्रामसभेत ठरवले. ताळेबंद हा शब्द मला फार आवडतो. त्यात जमा आहे तशी नावेही आहे. डिसेंबर 2019 मध्ये महाराष्ट्रासह सात राज्यांत 6,000 कोटी रुपयांची अटल भूजल योजना सुरू झाली, तिने हाच शब्द शेकडो ग्रामपंचायतींच्या भिंतींवर नेला. तिथे अडचण अशी, की भिंतीवरचा ताळेबंद तुटीचा निघाला तरी गावाच्या हातात काही नसते: उसाचा भाव, विजेची सवलत, ठिबकचे अनुदान आणि कारखान्याचे गाळप हे सगळे दुसरीकडे ठरते. गावाने 2040 चे चित्र काढायचे आणि त्या चित्रातली प्रत्येक रेघ मंत्रालयातून ओढली जायची, अशी ही विभागणी आहे. गावाने काढलेले भविष्य वरच्या धोरणांपर्यंत पोहोचले पाहिजे, ते यासाठी.

आक्षेपाचा आणखी एक भाग मला अधिक अस्वस्थ करतो, आणि त्याचे तयार उत्तर माझ्याकडे नाही. सभेत कोण असते? वर्षातल्या ठरलेल्या ग्रामसभांपैकी एक 26 जानेवारीला होते. त्या दिवशी बीड जिल्ह्यातल्या कितीतरी वस्त्यांना कुलूप असते, कारण ऊसतोडीला गेलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कुठल्यातरी फडात कोयता चालवत असतात. ज्यांच्या आयुष्यावर दुष्काळ आणि ऊस या दोन्हींचा भार एकाच वेळी पडतो, तीच माणसे गावाचे भविष्य ठरत असताना गैरहजर. महिलांची सभा आधी घ्यायची तरतूद आहे, ती अनेक ठिकाणी हजेरीपटावरच होते. पुण्यात नोकरीला गेलेला मुलगा गावाच्या 2047 बद्दल बोलू शकतो का, आणि गावात राहूनही भूमिहीन असलेल्याचे बोलणे सातबारा असलेल्याइतके ऐकले जाते का? भविष्यवेधाची सत्रे चालवणारे हे प्रश्न सहज टाळतात, कारण जे येतात ते उत्साहाने बोलतात आणि छायाचित्रे चांगली येतात.

या सगळ्याचा विचार करून मी दोनच गोष्टींचा आग्रह धरतो. पहिली, बांधिलकी. फिनलंडच्या संसदेत 1993 पासून भविष्यविषयक समिती आहे आणि तिथले सरकार आपल्या कारकिर्दीत भविष्याविषयीचा अहवाल संसदेपुढे ठेवते. वेल्सने 2015 मध्ये पुढच्या पिढ्यांच्या हितासाठी कायदाच केला आणि त्यावर देखरेख करणारा आयुक्त नेमला. आपल्याकडे इतक्या मोठ्या यंत्रणेची मी लगेच मागणी करत नाही. एक साधा नियम पुरेसा आहे: ग्रामसभेने किंवा प्रभागसभेने सहभागातून ठरवलेला आराखडा जिथे बाजूला सारला जाईल, तिथे सरकारने त्याचे कारण मराठीत, लेखी, त्याच सभेपुढे ठेवावे, आणि तोवर बदल लागू होऊ नये. कारण द्यावे लागले की निम्मे भूखंड आपोआप आपल्या रंगात राहतात.

दुसरी गोष्ट भाषेची आणि वेळेची. 2047 चा आराखडा राज्याने केला आहे. आता तो जिल्ह्याजिल्ह्याचा करून, पानेभर घोषणांऐवजी तीन-चार पर्यायी चित्रांच्या रूपात, प्रत्येकात कोणाला काय सोडावे लागेल हे स्पष्ट लिहून ग्रामसभांपुढे न्यावा. सुरुवात सगळ्या राज्यात एकदम करायची गरज नाही. जिथे पाण्याचा ताळेबंद आधीच मांडला जातो आणि जिथे ग्रामसभांनी आपण होऊन ठराव केले होते, अशा मोजक्या तालुक्यांपासून ती व्हावी. आधी महिनाभर अभ्यासगट, मग सभा. आणि ही सभा जानेवारीत नको. गाळप हंगाम संपून कोयते घरी परतलेले असतात, शेतातली कामे थांबलेली असतात आणि पेरणीचा निर्णय अजून व्हायचा असतो, अशा दिवसांत 1 मेची ग्रामसभा येते. भेंडवळचे घटही साधारण त्याच सुमारास मांडले जातात.